जोर वाढला, माल वाढला

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-जुन्नरचा भाजीपाला, संगमनेर-पारनेरकडचा कांदा, सगळा माल इथूनच वळतो. कोणी माळशेज घाट उतरून कल्याणला आणि वाशीच्या मार्केटला जातो, कोणी खेडमार्गे पुण्याला. रात्री दहानंतर या फाट्यावर उभं राहिलं तर मोटारींपेक्षा पिकअप जास्त दिसतात. माझं गॅरेज या फाट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी इथल्याच एका वस्तादांच्या हाताखाली पाने पुसायला लागलो आणि तेव्हापासून हेच काम करतो आहे.

एवढ्या वर्षांत लहान मालवाहू गाड्यांच्या चार-पाच पिढ्या हाताखालून गेल्या. दर पिढीत इंजिनाचा जोर वाढला, डिझेल कमी लागू लागलं, धूर कमी झाला, केबिनमध्ये बसणं सुखाचं झालं. या सुधारणांचं मला मनापासून कौतुक आहे. पण याच काळात आणखी एक बदल झाला, त्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. जुनी गाडी थकली की सांगायची. नवी गाडी सांगत नाही.

मी कामाला लागलो तेव्हा या रस्त्यावर राज्य मॅटॅडोरचं होतं. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात ती बनायची. त्या कंपनीचं आजचं नाव फोर्स मोटर्स. मूळ आराखडा हानोमाग या जर्मन कंपनीचा. नंतरच्या मॅटॅडोरमध्ये मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं 2.4 लिटरचं ओएम 616 इंजिन आलं. ते इतकं टिकाऊ निघालं की पुढे ट्रॅक्समध्ये आणि ट्रॅव्हलरमध्येही तेच चाललं. मॅटॅडोरचा जोर पुढच्या चाकांना असे. मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नसल्यामुळे हौदा खाली बसवता यायचा आणि गोण्या चढवणाऱ्या हमालाची कंबर वाचायची. मात्र मागे बेतापेक्षा जास्त माल पडला की पुढची बाजू हलकी व्हायची आणि पावसात, चढावर, ओढणारी चाकंच जागच्या जागी फिरायची. मग इंजिनाचं पाणी तापायचं, सायलेन्सरमधून काळा धूर निघायचा. ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा, खाली उतरायचा आणि चार गोण्या दुसऱ्या गाडीत टाकायचा. किती माल न्यायचा हे त्या काळी कागदावर कोणी बघत नसे. इंजिनच हिशोब करून द्यायचं.

वस्तादांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती कान द्यायची. इंजिन एका सिलिंडरवर मिस मारत असेल तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट एकेक करून अर्धा फेरा सैल करायचा. चालू सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज बदलतो, ते डगमगतं. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला. डिझेलमध्ये हवा शिरली असेल तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हँड प्रायमर दाबत राहायचा आणि फेस संपून स्वच्छ डिझेलची सलग धार येईपर्यंत थांबायचं. नोझल नाशिकच्या मायकोच्या कारखान्यातून यायचे आणि ते तपासायचं यंत्र फक्त पंपवाल्याकडे असे. बाकी सगळं काम कान, बोटं आणि दहा-बारा पाने यांच्यावर निघायचं.

1986 मध्ये टाटांच्या टेल्कोने 407 आणली. तो काळ जपानी तंत्रज्ञानावरच्या गाड्यांचा होता. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी अशा गाड्या एकामागोमाग बाजारात येत होत्या. त्या गर्दीत पुण्यात बनलेली 407 पाय रोवून उभी राहिली आणि पुढे कितीतरी वर्षं टिकली. याचं एक कारण आम्हा मिस्त्रींना चांगलं ठाऊक आहे. तिच्यात बसवलेलं 497 इंजिन चार सिलिंडरचं, 97 मिलिमीटर बोअरचं. टाटाच्या मोठ्या ट्रकमधलं 697 इंजिन त्याच बोअरचं, सहा सिलिंडरचं. मोठ्या ट्रकवर हात बसलेल्या माणसाला 407 चं हेड उघडताना काही नवं वाटत नसे. गावोगावच्या गॅरेजमध्ये ती दुरुस्त व्हायची, सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळायचे. नावातच तिचा बेत सांगितलेला होता: 4 म्हणजे साधारण चार टनांचा वर्ग, 07 म्हणजे सत्तर हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन.

407 ने या भागातला व्यापार बदलला. पूर्वी मोठा ट्रक भरेपर्यंत माल शेताच्या बांधावर पडून राहायचा. आता दोन-अडीच टन माल संध्याकाळी भरून पहाटेच्या लिलावाला पोचवता येऊ लागला. पण याच गाडीवर मी पहिल्यांदा पाहिलं की जोर वाढला की माणूस काय करतो. पुढे टर्बो असलेली इंजिनं आली. घाट आधीपेक्षा वरच्या गिअरवर चढायला लागला. वाचलेला वेळ ड्रायव्हरला विश्रांतीसाठी मिळाला असता, इंजिनाचं आयुष्य वाढलं असतं. तसं झालं नाही. हौद्याला वरून फळ्या लागल्या आणि माल एक थर उंच गेला.

पिकअपची गोष्ट जीपच्या घराण्यातून सुरू होते. महिंद्रांनी 1947 मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे त्या जीपला डिझेल इंजिनं आली, त्यांतली काही प्यूजोच्या परवान्यावर बनलेली. 2000 मध्ये बोलेरो आली आणि तिच्याच नाकाडाची, मागे हौदा असलेली पिकअप काही वर्षांतच खेड्यापाड्यांत दिसू लागली. जाड शिडीसारखी चासी, पुढे इंजिन, मागच्या आसाला पाटे, मागच्या चाकांना जोर. बांधणी जुनीच, पण शेताच्या रस्त्याला तीच लागते. टाटांची 207 त्याच कामाची. 2005 मध्ये टाटांनी एस आणली, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात. दोन सिलिंडरचं 702 सीसीचं इंजिन, पाऊण टन माल. तिने तीनचाकी मालरिक्षांचं बरंचसं काम घेतलं आणि गल्लीबोळांत भाजी, फर्निचर, गॅसच्या टाक्या पोचवू लागली.

407 ही बहुतेक वेळा ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी असायची. पिकअप शेतकऱ्याच्या मुलाची झाली. घरची जमीन तीन-चार एकर, भाऊ दोन, नोकरी नाही. मग एकाने शेती बघायची आणि दुसऱ्याने कर्ज काढून पिकअप घ्यायची, हे गणित मी या परिसरातल्या कितीतरी घरांत पाहिलं. परवान्याचीही अडचण राहिली नाही. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आणि 2024 मध्ये घटनापीठाने ते कायम केलं. या गाडीने अनेक कुटुंबं उभी केली. म्हणूनच तिच्याविषयी जे सांगायचं ते जबाबदारीने सांगायला हवं.

याच पिकअपमध्ये पुढे कॉमन रेल इंजिन आलं आणि आमचा धंदाच बदलला. जुन्या नोझलमधून डिझेल साधारण दोनशे बारच्या दाबाने उडायचं. कॉमन रेलमध्ये तो दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. वस्तादांनी शिकवलेली नट सैल करायची युक्ती इथे जिवावर बेतू शकते. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि डॉक्टरांकडे जायला उशीर झाला तर बोट गमवावं लागतं. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या पोराला मी सगळ्यात आधी हे सांगतो. आता बिघाड शोधायचा तर स्कॅनर लावायचा, इंजेक्टरची आकडेवारी वाचायची, सेन्सरचा व्होल्टेज मीटरवर बघायचा.

धुराचे नियमही एकेक पायरी चढत गेले. भारत स्टेज तीनच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत 350 भाग चालायचं. 2017 मध्ये देशभर लागू झालेल्या स्टेज चारमध्ये ते 50 वर आलं आणि 1 एप्रिल 2020 पासून स्टेज सहामध्ये 10 वर. नव्या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की इंजिन जास्त उष्णता देऊन ती काजळी जाळून टाकतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग धावावी लागते. ही व्यवस्था चांगली आहे. ज्या गॅरेजमध्ये मी तरुणपणी काळ्या धुरात खोकत काम केलं, तिथे आज माझी पोरं स्वच्छ हवेत काम करतात. फिल्टर काढून द्या म्हणणारे गिऱ्हाईक येतात. त्यांना मी हात जोडून परत पाठवतो.

पण या सगळ्यात जुन्या गाडीची बोलायची सवय गेली. आजच्या इंजिनाचा कॉम्प्युटर हवा मोजतो, डिझेल मोजतो आणि कमी फेऱ्यांवरसुद्धा भरपूर ओढ देतो. बेतापेक्षा टनभर जास्त माल असला तरी पिकअप खेडचा घाट मुकाट चढते. पाणी तापत नाही, काळा धूर निघत नाही, चाक जागेवर फिरत नाही. ड्रायव्हरला वाटतं, ओढते आहे म्हणजे झेपतं आहे. झेपतं ते फक्त इंजिनाला. बाकी गाडीला काय झेपतं हे खाली झोपून बघावं लागतं.

एकदा एक तरुण ड्रायव्हर गाडी वाकडी चालते म्हणून घेऊन आला. जॅक लावून आम्ही मागच्या पाट्यांचा संच खाली उतरवला. हा संच म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. मधोमध सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्टनी आसाला आवळलेल्या. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे आणि डोळ्यांत बुश. मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटलेला होता. मी तुटलेली बाजू कपड्याने पुसून त्याला दाखवली. तिथे दोन रंग होते. एका कडेपासून निम्म्याहून जास्त भाग काळपट, गंज चढलेला. उरलेला भाग चकचकीत राखाडी, दाणेदार. काळपट भाग म्हणजे जुनी चीर, जिच्यात पाणी आणि धूळ जाऊन गंज बसला. राखाडी भाग शेवटच्या खड्ड्यात तुटला. म्हणजे पाटा त्या दिवशी तुटलेला नव्हता, महिनोन्‌महिने तुटत आलेला होता, आणि तेवढा काळ तो पोरगा रोज घाट उतरत होता.

तो म्हणाला, "काका, दोन पाटे वाढवून द्या. सगळेच वाढवून घेतात."

त्याचं म्हणणं खरं होतं. टोमॅटोच्या हंगामाआधी पाटे वाढवून घ्यायला रांग लागते. मी वाढवून देत नाही, आणि का देत नाही ते प्रत्येकाला समजावून सांगतो. जादा पाट्याने गाडीची ताकद वाढत नाही. माल भरल्यावर गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच होतं. पाट्याने जो भार वाकून झेलायचा तो सरळ चासीवर, आसाच्या हौसिंगवर, हबच्या बेअरिंगवर आणि टायरवर जातो. मग पाट्याचा हँगर जिथे चासीला बसतो तिथे चीर पडायला लागते, आणि चासीची चीर रस्त्याच्या कडेला वेल्डिंग करून भरत नाही.

यापेक्षा मोठा धोका ब्रेकचा. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या आसाच्या वर, चासीवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी आसाला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी वळते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की चासी वर राहते आणि दाब कमी होतो, त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची चाकं एकदम अडकून घसरत नाहीत. जादा पाटे घातलेली गाडी दोन टन भरूनही वरच राहते. व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच. ज्या क्षणी मागच्या ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच त्यांना कमी दाब मिळतो. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो आणि घाटात ते तापत जातात. पाटे वाढवणाऱ्या दहा जणांना विचारलं तर नऊ जणांनी या व्हॉल्व्हचं नावही ऐकलेलं नसतं.

घाट उतरण्याचं गणित शाळेतल्या विज्ञानातलंच आहे. एक टन वजन पाचशे मीटर खाली आणायचं तर जवळपास 49 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेने पंधरा लिटर गार पाणी उकळू लागेल. थोडा वाटा वारा आणि टायर घेतात, खालच्या गिअरमध्ये असलं तर इंजिनही बराच घेतं. उरलेलं सगळं ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये जातं. हा हिशोब फक्त एका टनाचा आहे, आणि हा टन गाडीच्या बेतात धरलेलाच नव्हता. ब्रेक तापले की लायनरची पकड कमी होते, ब्रेक ऑइल जुनं असलं तर त्यातलं पाणी उकळून वाफ होते आणि पेडल तळापर्यंत जातं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे तर इंजिनाची मदतही सोडून देतात. कॉमन रेल गाडीत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंदच करतात, म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपविषयी मी आवडीने वाचतो. 1989 मध्ये डॉजच्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं, त्याचा टॉर्क 400 पाउंड-फूट होता, म्हणजे सुमारे 540 न्यूटन-मीटर. 2023 च्या फोर्ड सुपर ड्यूटीत तो 1,200 पाउंड-फुटांवर गेला. चौतीस वर्षांत तिप्पट. तिथेही माल आणि ट्रेलर वाढत गेले. पण तिथे जोराबरोबर थांबवण्याची साधनंही वाढली. एक्झॉस्ट ब्रेक कारखान्यातूनच येऊ लागला, ट्रेलरचे ब्रेक डॅशबोर्डवरून सांभाळता येऊ लागले. ओढण्याचा आकडा जाहिरातीत छापण्याआधी मोजायचा कसा, याचं जे2807 हे प्रमाण ठरलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर भरलेली गाडी वर नेऊन दाखवावी लागते. आणि वजनाच्या मर्यादेचा कागद ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेला असतो, डोळ्यांना रोज दिसेल असा.

आपल्याकडे जादा माल भरणाऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मी रोज या मुलांशी बोलतो. भाडं बहुतेक वेळा क्रेटवर ठरतं. टोमॅटोचा भरलेला क्रेट वीस किलोच्या वर जातो, म्हणजे दीड टनाच्या गाडीत सत्तरच्या आसपास क्रेट बसायला हवेत. तेवढ्या भाड्यात डिझेल, टोल, मार्केटमधली हमाली, टायर आणि महिन्याचा हप्ता काढला की हातात फार उरत नाही. एकाने शंभर भरले की दुसऱ्याला ऐंशीवर थांबता येत नाही, कारण व्यापारी शंभरवाल्याला बोलावतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पण हा दंड बसतो ड्रायव्हरला, आणि तोही एखाद्या दिवशीच. स्वस्त भाड्याचा फायदा मात्र माल पाठवणारा आणि घेणारा, दोघंही रोज घेतात.

त्यामुळे उपाय रस्त्यावर कमी आणि मार्केटच्या दारात जास्त आहे. बाजार समितीत आत येणारी गाडी वजनकाट्यावर घेता येते. काट्याची पावती गाडीच्या कागदांशी ताडून पाहता येते. भाडं क्रेटऐवजी खेपेवर ठरवता येतं, म्हणजे कोणी माल वाढवला तरी त्याची कमाई वाढणार नाही आणि शेजारच्यावरही दबाव येणार नाही. गाड्यांचे कारखाने आता दोन टन माल अधिकृतपणे नेणाऱ्या पिकअप बनवतात: टाटांची योद्धा 2.0 सप्टेंबर 2022 मध्ये आली, बोलेरो मॅक्सची नवी श्रेणी 2023 मध्ये. ज्याला दोन टन न्यायचे आहेत त्याने दोन टनांची गाडी घ्यावी. तिचे पाटे, आस, ब्रेक, टायर सगळे त्या वजनासाठी जुळवलेले असतात. सव्वा टनाच्या गाडीला पाटे लावून दोन टनांची करता येत नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसांनाही एक सांगतो. पाटे वाढवून मिळणारे चार पैसे सोडा. त्याऐवजी मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी मोकळी फिरते का ते दर सर्व्हिसिंगला बघा, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, पाट्यांच्या मधोमध बॅटरी मारून चीर शोधा. ही कामं स्कॅनर सांगत नाही. ती डोळ्यांनी आणि बोटांनीच करावी लागतात, आणि ती शिकवली तरच पुढच्या पोरांना येतील.

आणि पिकअप चालवणाऱ्या माझ्या भावांनो, आज रात्री माल भरायच्या आधी गाडीची आरसी काढा. तिच्यावर दोन वजनं लिहिलेली असतात: रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, त्यातून तुमचं आणि सोबतच्या माणसाचं वजन वजा करा. जे उरेल तेवढाच माल तुमच्या गाडीचा. इंजिन त्याहून जास्त ओढेल, पण थांबवायचं काम इंजिनाचं नाही.